जुनी गाडी : हौस की ठेव?

पुण्याच्या रिंगरोडचा पश्चिम भाग मावळातल्या उर्स्यापासून निघून भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकजवळ सातारा रस्त्याला मिळावा, अशी आखणी झाली. भूसंपादन आलं, मोबदला आला आणि त्या पैशाचं काय करायचं, हा प्रश्नही आला. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे इकडची तरुण मंडळी मला विचारतात, "काका, एखादी जुनी अमेरिकन गाडी नाहीतर विलीज जीप घेऊन ठेवली तर? दहा वर्षांत दामदुप्पट होते म्हणतात."

ही समजूत अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९६४च्या सुमारास मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवण्याची टूम निघाली. पाँटियाक जीटीओ हे तिचं गाजलेलं उदाहरण. तिकडे या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण पहिलवान गाड्या म्हणू. विम्याचे वाढते दर, प्रदूषणाचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांनी त्यांचा जमाना संपवला. पण त्यांच्यावर लहानपणी जीव टाकणारी मुलं पुढे कमावती झाली आणि भाव चढले. 'बुलिट' चित्रपटातली फोर्ड मस्टँग १९७४ मध्ये ६ हजार डॉलरना विकली गेली होती. जानेवारी २०२० मध्ये तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. डोळे दिपतात खरे. पण ४६ वर्षांचा हिशेब मांडला तर ही वाढ वर्षाला सुमारे १५ टक्के पडते, आणि तीही जगातल्या सर्वांत गाजलेल्या गाड्यांपैकी एकीची. इतर लाखो मस्टँगना हा भाव नाही.

आपल्याकडे पहिलवान गाड्या फारशा आल्या नाहीत, पण अमेरिकन गाड्यांशी नातं जुनं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. त्याच काळात महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतली. आज बाजारात 'आजोबांची गाडी' म्हणून येतात, त्या बहुतेक याच घराण्यांतल्या.

अशी गाडी आली की मी आधी रंग बघत नाही. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, ते बघतो. आपल्याकडच्या कित्येक जीपमध्ये पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं असतं. वापराला ते सोयीचं, पण संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत तिथेच गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. कागद नसलेली गाडी तर मी शोभेची वस्तू समजतो.

आता २०२१चा केंद्राचा नियम. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच परवानगी. धंद्यासाठी वापर तर नाहीच. म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला भाड्यानं देऊन खर्च भागवू, हा बेत इथेच संपला.

खर्चाचं गणित समजावण्यापुरते आकडे धरू. दहा लाखांची गाडी घेतली, दहा वर्षांनी खरंच वीस लाखांना गेली. वरकरणी वर्षाला सात टक्क्यांच्या वर वाढ. पण आपला पावसाळा लक्षात घ्या. शेड, गंज, टायर, रबरी पट्ट्या, विमा मिळून वर्षाला ४० हजार धरले तरी चार लाख गेले. मध्यस्थाचे पाच टक्के म्हणजे एक लाख. हाती उरले पंधरा लाख. वाढ वर्षाला जेमतेम चार टक्के. बँकेतल्या ठेवीला ना गंज चढतो, ना शेड लागते. शिवाय ठेव हवी तेव्हा मोडता येते. गाडीला दर्दी गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावं लागतं.

आणखी एक गोष्ट. ज्या पिढीला त्या गाडीची ओढ असते, ती ओसरली की गिऱ्हाईकही ओसरतं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गेली, तेव्हा कित्येक जण हळहळले. ही हळहळ पुढच्या पिढीला वाटेल का, यावर तिचा उद्याचा भाव ठरेल.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. हौस असेल तर गाडी जरूर घ्या, पण कागद तपासून आणि हौसेला बाजूला काढलेल्या पैशातून. गाडी चुकली तर दुसरी मिळते. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो. त्याला मुलांचं शिक्षण आणि घरचं दुखणंखुपणं हे पहिले वाटेकरी आहेत.