बंदुकीआधी काडतूस
(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात पीकसंरक्षणाच्या परवान्याची कलमं पाहिली. परवाना हाती आला की पुढचा प्रश्न उभा राहतो, हत्यार कोणतं घ्यायचं. अकोले-संगमनेरच्या उसाच्या पट्ट्यात किंवा कर्जतच्या माळावर वस्ती करून राहणाऱ्याला लहान बोअरची पंप ॲक्शन बंदूक भुरळ घालते, आणि त्याची कारणं उघड आहेत. वजन कमी, खांद्याला धक्का कमी, आणि पुन्हा न भरता एकामागून एक बार काढता येतात. तरीही बंदूक पसंत करून मग काडतूस शोधणं म्हणजे उलटा क्रम आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे हमखास मिळणारं काडतूस आधी ठरवावं आणि बंदूक त्याच्या मागून निवडावी. निवडीतल्या चुका आणि पुढे येणारे बिघाड, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा काडतुसातच सापडतं.

बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. नळीच्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअरचा १५.६. लहान बोअरची ४१० बंदूक मात्र या हिशेबात बसत नाही, कारण तो आकडा इंचाचा आहे. ०.४१० इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर. अडीच इंची ४१० च्या काडतुसात सुमारे १४ ग्रॅम छर्रे मावतात, बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात ३० ग्रॅमच्या आसपास. ४१० चा धक्का खरोखरच सौम्य असतो, पण तो सौम्य असण्याचं कारणच हे आहे की पुढे जाणारे छर्रे निम्मे असतात. अंतर वाढलं की ते विरळ होतात आणि जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं. जखमी रानडुक्कर फडात असताना सकाळी तोडणीला माणसं जाणार असतात, हे विसरून चालणार नाही. रानडुकरावर बार काढायलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते आणि बिबट्या तर त्या कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, हे इथेच सांगून ठेवतो.

धक्क्याचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. वयस्क माणसाला किंवा घरातल्या बाईला बारा बोअर झेपत नाही, ही अडचण खरी आहे. पण धक्का दोन गोष्टींवर ठरतो, काडतुसाचा भार आणि बंदुकीचं वजन. जरा वजनदार बंदूक, हलक्या भाराचं काडतूस आणि खांद्यात घट्ट बसणारा दस्ता, एवढ्याने बारा बोअरही बरीच सुसह्य होते. शिवाय खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं बारा बोअरची आहेत, आणि सरकारी आयुध कारखान्यांनी काढलेली पंप ॲक्शनही बारा बोअरचीच आहे. ४१० घेणाऱ्याने दुकानदाराला बंदुकीची किंमत विचारण्याआधी विचारावं की पुढच्या वर्षीही काडतूस मिळेल का.

त्यातही ४१० लिहिलेलं प्रत्येक काडतूस सारखं नसतं. इंग्रजी अमदानीत पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी ईशापूरच्या बंदूक कारखान्यात ४१० ची मस्केट बनली. ती ली-एनफिल्ड रायफलवरून घडवलेली होती, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून एकबारी केलेली. तिचं मूळ काडतूस ३०३ रायफलच्या काडतुसाच्या पितळी टोपणावरून तयार केलेलं होतं आणि बाजारातल्या ४१० पेक्षा वेगळं होतं. बाजारातल्या ४१० मध्येही अडीच इंची आणि तीन इंची असे दोन प्रकार आहेत. नळीतलं काडतुसाचं घर अडीच इंची असलं तरी त्यात तीन इंची काडतूस कधीकधी सहज बसतं. बार उडाल्यावर मात्र त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर कोरलेली लांबी वाचल्याशिवाय काडतूस भरूच नये. नळीची लांबीही मोजावी, कारण परदेशी पंप बंदुकांत साडेअठरा इंची नळी सर्रास असते आणि आपल्या कायद्यात वीस इंचांपेक्षा आखूड नळीची बंदूक अधिक कडक वर्गात जाते.

आता अडकण्याविषयी. पंप ॲक्शनमध्ये पुढची पकड मागे ओढली की बोल्ट सुटतो, रिकामं टोपण बाहेर फेकलं जातं आणि नवं काडतूस मॅगझिनमधून मागे येतं. पकड पुढे ढकलली की ते नळीत बसून बोल्ट लागतो. घाईत पकड अर्ध्यावरून परत ढकलली, तर टोपण आतच राहतं किंवा नवं काडतूस वाकडं अडकतं. हा बिघाड हाताचा असतो, आणि तो सरावाच्या नकली काडतुसांवरच सुटतो. पकड पूर्ण ओढूनही टोपण निघत नसेल तर त्याची कड पाहावी. कड फाटली असेल तर टोपण नळीत चिकटलंय, म्हणजे काडतूस दमट होऊन फुगलेलं आहे किंवा नळीत गंज आहे. कड शाबूत असून तिच्यावर नुसता ओरखडा असेल तर टोपण ओढून काढणारा आकडा झिजला आहे, आणि ते काम परवानाधारक कारागिराचं. पावसाळाभर कोपऱ्यात उभी राहिलेली बंदूक बाहेरून पुसून काढल्याने नीट होत नाही, कारण गंज काडतुसाच्या घरात आधी धरतो.

चाप ओढला आणि नुसता खटका वाजला, तर बंदूक उघडण्याची घाई करू नये. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावं, बार उशिरानेही उडू शकतो. घरात बारा आणि वीस, दोन्ही बोअर असतील तर काडतुसं वेगवेगळ्या पेट्यांत, कुलपात ठेवावीत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून बाराचं सहज बसतं, आणि तो बार नळी फोडतो. वीसची टोपणं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत याच अपघातामुळे पडली. पण रात्री, बॅटरीच्या उजेडात, रंगावर भिस्त ठेवू नये. टोपणावर छापलेला आकडा वाचावा.