बाई कुठे असं मारते?

मैत्रिणींनो, परवा टीव्हीवर ‘मर्दानी’ (२०१४) लागला होता. राणी मुखर्जीने गुंडाला लोळवलं आणि घरातले पुरुष हसले, "बाई कुठे असं मारते!" एकटा हिरो दहाजणांना उडवतो, ते मात्र यांना चालतं! शेजारची नववीतली पोर हिरमुसली. "काकू, मग मी कराटे कशाला शिकतेय?"

तिला म्हटलं, अगं, १९३५च्या ‘हंटरवाली’तली नादिया आधी सर्कशीत होती, स्टंट स्वतःच करायची. ‘दंगल’च्या (२०१६) मुलींनी कित्येक महिने कुस्तीचा सराव केला. म्हणून त्यांचे डाव खरे वाटतात.

सराव दिसला नाही तर जरूर हसा, मग हिरो असो की हिरॉईन. पण निव्वळ बाई आहे म्हणून हसू नका. शेजारी लेक बसलेली असते.