ध्वनिमुद्रणाच्या दोन वाटा

सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांवर तारपा ऐकला नाही, असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा यांपासून सिद्ध होणारे हे वाद्य वारली वादक श्वास न तोडता वाजवीत राहतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. त्या दिवसाच्या आठवणी मुद्रित करण्यासाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही कॅमेरा घेऊन एका वृद्ध गृहस्थांच्या अंगणात गेलो. एकीकडे तारपा वाजत होता, दुसरीकडे आजोबा बोलत होते. माझी मातृभाषा कोंकणी. त्यामुळे त्यांची बोली मला निम्मीशिम्मी कळत होती. उरलेली घरी सावकाश ऐकू, असे मी मनाशी म्हटले.

कॅमेऱ्यावरचा माईक तारपा ऐकत होता आणि आजोबांच्या सदऱ्यावरचा बिनतारी कॉलर माईक त्यांचे शब्द. एकाच ध्वनिफितीत दोन स्वतंत्र वाटा ठेवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या ॲलन ब्लूमलिन या अभियंत्याने १९३१ साली तबकडीच्या एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन निराळे ध्वनी कोरण्याची युक्ती मांडली होती. आजच्या कॅमेऱ्यातही डावी व उजवी अशा दोन वाटा असतात. आपण सांगू त्याप्रमाणे एकीवर एक माईक आणि दुसरीवर दुसरा माईक नोंदला जातो.

मी मात्र घाईने दोन्ही ध्वनी एकत्र करून एक प्रत काढली आणि कार्डावर जागा हवी म्हणून मूळ मुद्रण पुसले. नंतर ऐकतो तो काय, शब्द तारप्याखाली बुडालेले! दुधात पडलेले पाणी का कधी वेगळे काढता येते?

आवाज रांजणातून आल्यासारखा पोकळ का वाटत होता, हेही सांगण्याजोगे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॅमेरा आजोबांपासून सात मीटर दूर होता. म्हणजे त्यांचा प्रत्येक शब्द कॅमेऱ्याच्या माईकपर्यंत सुमारे २० सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचत होता. तोच शब्द दोनदा एकावर एक पडला की काही स्वर परस्परांना मारतात. यावर उपाय सोपा आहे. आरंभी वक्त्याजवळ एकदा टाळी वाजवावी. संगणकावर दोन्ही वाटा सुट्या करताच टाळीची टोके दोन ठिकाणी उभी दिसतात. कॅमेऱ्याची वाट किंचित अलीकडे सरकवून ती जुळवावीत. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर हे सरकवणे एका चित्राच्या निम्मेच भरते! मग दोन्ही वाटा मधोमध आणाव्यात, नाहीतर एका कानात आजोबा आणि दुसऱ्यात तारपा राहतो. शब्द चालू असता तारपा मंद करावा, शब्द थांबताच पुन्हा वर उचलावा. आणि मुद्रण चालू असतानाच हेडफोनने दोन्ही कानांची परीक्षा घ्यावी. मी ती घेतली नव्हती.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच अंगणात गेलो. या वेळी शब्द स्वच्छ उतरले. परंतु पहिल्या दिवशीच्या आठवणी काही निघाल्या नाहीत. विचारले, तेव्हा आजोबा हसून म्हणाले, “त्या तुम्हाला मागेच सांगितल्या की!”