नक्षी एकाची, शिक्का दुसऱ्याचा

लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर नवरा-नवरीसाठी ठेवलेला सोफा आठवतोय? सोनेरी चौकट, वळणदार पाय, पाठीवर पानाफुलांची नक्षी. आपण त्याला ‘राजेशाही’ म्हणून मोकळे होतो. पण त्याचं घराणं थेट अठराव्या शतकातल्या पॅरिसला जाऊन भिडतं. शैलीचं नाव रोकोको.

१७१५ मध्ये चौदावा लुई गेला आणि व्हर्सायच्या दरबारी शिस्तीतून सुटलेले सरदार पॅरिसकडे वळले. तिथली दालनं छोटी, पण गप्पांच्या मैफली मोठ्या. मग ताठ बसायला लावणारं फर्निचर कोणाला हवं? सोफ्याचे पाय इंग्रजी ‘एस’सारखे वळले. लाकडावर शिंपले, वेली, फुलं उमलली. डावी-उजवी बाजू अगदी सारखी हवी, हा हट्टही सुटला. रोकोको हे नावच ‘रोकाय’वरून आलंय. रोकाय म्हणजे खडक-शिंपल्यांची सजावट.

आता खरी गंमत ऐका. हा सोफा एकट्याचं काम नसायचा. सुतारांचा आणि नक्षीकारांचा संघ वेगळा आणि नियम कडक. सुतार बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाची चौकट करायचा. नक्षी जिथे येणार, तिथे लाकूड मुद्दाम जाड ठेवायचा. मग नक्षीकार छिन्नी घेऊन बसायचा. सोनेरी सोफा हवा असेल, तर खडूची पूड आणि सरस यांचे थरावर थर चढायचे. त्यात नक्षी बुजायची, म्हणून ती पुन्हा बारीक कोरायची आणि त्यावर सोन्याचा वर्ख. हे मुलाम्याचं काम तिसऱ्याचं. गादी-कापडाचं चौथ्याचं.

आणि नाव कोणाचं? १७५१ पासून पॅरिसच्या सुतार-उस्तादांना आपल्या कामावर नावाचा शिक्का मारणं बंधनकारक झालं. म्हणून आज असा सोफा उलटा केला, की बैठकीच्या पट्टीवर बऱ्याचदा सुताराचं नाव सापडतं. ज्याची छिन्नी बघून आपण थबकतो, त्याचं मात्र सहसा नाही!

निकोला अर्तोचंच बघा ना. तो मुळात नक्षीकार. आधी दुसऱ्यांच्या चौकटी कोरायचा. पुढे सुतारांच्या संघातही उस्ताद झाला, तेव्हा कुठे त्याला सोफ्यावर स्वतःचा शिक्का मारता आला. आज तो त्या काळातल्या मोठ्या कारागिरांत गणला जातो. पण ज्यांना दुसऱ्या संघाचं दार उघडलं नाही, त्यांचं काय?

लूव्र किंवा न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या वेबसाइटवर जा. असा एखादा सोफा शोधा आणि फोटो झूम करा. पाकळीची कड कशी वळवलीय ते नीट बघा. मग खालची माहिती वाचा आणि नावं किती आहेत ते मोजा.

आणि हो, पुढच्या ग्रुप प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नावं टाकताना, रात्रभर जागून आकृत्या काढणाऱ्याचं नाव राहिलं नाही ना, तेवढं तपासा.