भंडाऱ्याच्या मुली आणि संगणकशास्त्र

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानासाठी आणि तलावांसाठी सर्वदूर ओळखला जातो. मृगाच्या सरी बरसून पऱ्हे तयार झाले, म्हणजे येथील बांध्यांतून रोवणी करणाऱ्या स्त्रियांच्या रांगा दिसू लागतात. रोवणी, निंदणी आणि कापणी या कामांचा मोठा भार स्त्रियाच वाहतात. परंतु त्याच शेताचा सातबारा, ई-पीक पाहणी, पीकविमा आणि आधारभूत किमतीने धान विकण्याची नोंदणी ही कामे आता संगणकावर अथवा मोबाइल फोनवर होतात. आणि तेथे घरातील स्त्रीचा हात क्वचितच पोहोचतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ग्रामीण स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २५ जणींनीच इंटरनेट कधी तरी वापरल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण शेकडा सुमारे ४९ होते. ही तूट भरून काढावयाची असेल, तर मुलींनी केवळ फोन चालविण्यास शिकून भागणार नाही. त्यांनी हे शास्त्रच हस्तगत केले पाहिजे.

शेतीला हे शास्त्र परके नाही

धानावरील तुडतुड्यांचे उदाहरण घ्यावे. ही कीड चुडाच्या बुंध्याशी राहून रस शोषते. वरून पीक हिरवेगार दिसते, आणि काही दिवसांतच शेतात करपलेले गोल पट्टे पडतात. वेळीच चूड वाकवून कीड मोजली, तरच उपाय साधतो. महाराष्ट्रात २००९ पासून क्रॉपसॅप प्रकल्पाखाली निवडक शेतांतील किडींची मोजणी करून आकडे संगणकात भरण्यास आरंभ झाला. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीजवळ येताच शेतकऱ्यांना सल्ला देता यावा, हा त्यामागील हेतू. अनेक गावांतून आलेले असे आकडे एकत्र करून कीड पुढे कोठे वाढेल, याचे अनुमान काढण्याची रीत बसविणे हे संगणकशास्त्राचे काम होय.

पानाच्या छायाचित्रावरून रोग ओळखणारी साधनेही आता निघाली आहेत. परंतु यंत्राला आपोआप काही उमजत नाही. करपा कोणता, अन्नद्रव्याच्या उणिवेने आलेला पिवळेपणा कोणता, हे जाणत्या माणसाने प्रथम हजारो चित्रांवर नोंदवून द्यावे लागते. ज्या मुलीने लहानपणापासून बांधीत पाय ठेवला आहे, तिच्यापाशी हे ज्ञान उपजतच असते. शहरातील अभियंत्याला ते मुद्दाम शिकावे लागते.

मुलींना हे जमते काय?

याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या पहिल्या सहाही व्यक्ती स्त्रियाच होत्या. महाराष्ट्रातील उदाहरण १९७४ चे आहे. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंत्यांच्या जागांसाठी निघालेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे म्हटले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी या तरुणीने जे. आर. डी. टाटा यांना एक साधे पोस्टकार्ड लिहून या भेदभावाविषयी आक्षेप घेतला. तिला मुलाखतीस बोलावणे आले, तिची निवड झाली, आणि ती त्या कंपनीतील पहिली महिला अभियंता ठरली. त्याच पुढे सुधा मूर्ती या नावाने प्रसिद्ध झाल्या.

दहावीनंतरचे मार्ग

पहिला मार्ग तंत्रनिकेतनाचा. दहावीनंतर तीन वर्षांची संगणक अभियांत्रिकीची पदविका घेता येते, आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. दुसरा मार्ग अकरावी-बारावी विज्ञान शाखेचा. येथे गणित विषय सोडू नये. तो सोडल्यास अभियांत्रिकीचे दार बंद होते, आणि पुढील पश्चात्तापाचा उपयोग होत नाही. तिसरा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक वर्षाच्या ‘कोपा’ या संगणकविषयक अभ्यासक्रमाचा. लवकर मिळवती होण्याची निकड असलेल्या मुलीस तो सोयीचा आहे.

खर्चाची चिंता आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना २०२४–२५ पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणासाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘प्रगती’ योजनेत पदविका व पदवीच्या निवडक विद्यार्थिनींना वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी.चा पास विनामूल्य आहे.

रोवणी आणि प्रवेश एकाच वेळी

भंडारा जिल्ह्यातील खरी अडचण निराळीच आहे. प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैत चालतात, आणि रोवणीची घाईही त्याच सुमारास असते. मजूर मिळत नाहीत, पऱ्हे जून होऊ लागतात, म्हणून मुलगी शेतावर थांबते. उत्पन्नाचा दाखला काढावयाचा राहतो, अर्जाची तारीख टळते, आणि हुशार मुलीचे वर्ष वाया जाते. पुष्कळदा ते एक वर्ष म्हणजे शिक्षणाचा कायमचा शेवट ठरतो.

यावर उपाय गावातच आहे. उत्पन्न, अधिवास व आवश्यक असल्यास जातीचे दाखले एप्रिल-मे महिन्यांतच काढून ठेवावेत. ग्रामसेवक, कृषी सहायक आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी दहावी-बारावीच्या मुलींची यादी करून प्रत्येक घरी एकदा जावे, आणि प्रवेशाच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. महिला बचत गटांनी अर्ज भरण्याच्या दिवशी त्या घरच्या रोवणीस एक हात जास्त द्यावा. घरातील फोन रोज एक तास मुलीच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या कार्यक्रमांना जाताना वडिलांनी मुलीलाही बरोबर न्यावे.

पऱ्हे वेळेवर रोवले नाहीत, तर पुढे कितीही खत दिले तरी उतारा घटतो, हे धानकऱ्याला सांगावयास नको. मुलीच्या शिक्षणाचेही तसेच आहे. येत्या हंगामात शेताच्या रोवणीबरोबर या रोवणीचाही वार प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवावा.