धावल्यावर दम लागतो? तपासणीला जाण्यापूर्वी एवढे कराच

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरावीत शिकणारी एक मुलगी वडिलांबरोबर दवाखान्यात आली. १५०० मीटर धावण्याच्या शर्यतीसाठी ती सराव करीत होती. "डॉक्टर, पळून थांबले की पाच-दहा मिनिटांत छाती आवळते, खोकला थांबत नाही," ती म्हणाली. स्टेथोस्कोप लावून पाहिला, छाती स्वच्छ! बसल्या जागी अशा मुलांच्या छातीत बहुधा काहीच सापडत नाही. मी तिला सालब्युटामॉलचा पंप लिहून दिला आणि निदान पक्के व्हावे म्हणून शहरात व्यायामानंतरच्या श्वासाच्या तपासणीसाठी पाठवले.

रिपोर्ट 'नॉर्मल' आला. "म्हणजे सगळी नाटके!" वडील चिडून म्हणाले. पोर मान खाली घालून बसली. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. प्रवासात त्रास नको म्हणून आईने सकाळी निघताना तिला पंपाचे दोन झुरके घ्यायला लावले होते. चूक आईची नव्हती. पंप कधी थांबवायचा, हे सांगायचे मीच विसरलो होतो.

ही तपासणी असते तरी कशी? आधी नळीत जोराने फुंकायला लावून श्वास मोजतात. मग नाक चिमट्याने बंद करून ट्रेडमिलवर सहा ते आठ मिनिटे जोरात पळवतात. त्यानंतर सुमारे अर्धा तास, ठरावीक मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा त्याहून अधिक घटली, तर व्यायामाने श्वासनलिका आकुंचन पावतात असे समजतात. पंपाचे काम नेमके हे आकुंचन रोखण्याचे. पंप घेऊन गेलात तर आजार त्या दिवसापुरता लपून बसतो!

म्हणून वाचकहो, तपासणीची तारीख घेतानाच चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा. सालब्युटामॉलचा पंप साधारणपणे ८ तास आधी थांबवतात. जास्त वेळ टिकणारे पंप एक-दोन दिवस, काही त्याहूनही जास्त, तर मॉन्टेल्युकास्ट आणि ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. दम्याचे रोजचे स्टिरॉइडचे पंप मात्र आपल्या मनाने मुळीच बंद करू नका.

त्या दिवशी चहा, कॉफी, कोला टाळा. सकाळचा सराव नको. आधीच्या धावण्यामुळे काही तास श्वासनलिका आकुंचन पावेनाशा होतात आणि तपासणी फसते. दोन तास आधी हलका आहार घ्या. सैल कपडे आणि पळायचे बूट न्या. चपला घालून ट्रेडमिलवर पळता येत नाही! सर्दी, खोकला, ताप असेल तर तारीख पुढे ढकला. हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास आधीच सांगा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, औषध थांबवलेल्या काळात दम लागला तर पंप बेलाशक घ्या आणि केंद्रावर तसे सांगा. तपासणी पुन्हा करता येते. पंप सोबत असू द्याच.

काहींना थांबल्यावर नव्हे, तर ऐन धावतानाच गळा आवळल्यासारखे होते, श्वास आत घेताना आवाज येतो आणि थांबताच काही मिनिटांत बरे वाटते. अशा वेळी दोष स्वरयंत्राचाही असू शकतो. त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून, व्यायाम चालू असतानाच स्वरयंत्र पाहण्याची तपासणी आहे. ती मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून त्रास केव्हा होतो, श्वास घेताना की सोडताना, हे कागदावर टिपून न्या.

त्या मुलीची तपासणी महिन्याने पुन्हा केली, या वेळी नीट तयारीनिशी. दहाव्या मिनिटाला आकडा २० टक्क्यांहून जास्त घसरला. रिपोर्ट पाहून वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "मला आधी कळायला हवं होतं गं." आता तिचे औषध नियमित चालू आहे. पळण्याआधी पंधरा मिनिटे ती पंप घेते, हळूहळू अंग गरम करते आणि रोज मैदानावर जाते.

घरातले मूल धावल्यावर खोकत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना, मग ते माझ्यासारखे जुने का असेनात, एवढे जरूर विचारा : "आधी काय बंद ठेवायचे?"