गोट्यावरचे रंग

इतवारीतील पेढीच्या किल्ल्या मुलाच्या हाती सोपविल्या, की दिवस एकाएकी मोठा होतो. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला रिकामे हात सोसवत नाहीत. अशा हातांना कन्हान नदीचा एखादा गोटा काम देऊ शकतो.

सातपुड्यातून येणारी कन्हान दगड घासून गुळगुळीत करते. ओल्या दगडाखाली मात्र लहान जीव आश्रयाला असतात. म्हणून काठावरचा कोरडा, तळहाताएवढा गोटाच उचलावा, तोही मोजका. तो धुऊन उन्हात पुरता वाळवावा. ओल राहिली तर रंगाचे पोपडे निघतात. प्रथम पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात, मग पेन्सिलीची रेघ, मग बारीक कुंचला आणि शेवटी पारदर्शक वॉर्निश. नागपूरच्या वैशाखात रंग कुंचल्यावरच सुकतो. तेव्हा सकाळची वेळ बरी.

हा छंद पुरातन आहे. फ्रान्समधील मास दाझीलच्या गुहेत एदुआर पिएत यांनी १८८७ पासून उत्खनन केले. तेथे गेरूने ठिपके व रेघा काढलेले, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे गोटे सापडले. त्या खुणांचा अर्थ अद्याप निश्चित लागलेला नाही.

दगडाचा उंचवटा बदलत नाही; चित्रालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. आयुष्यभर निर्णय देत आलेल्या माणसाला घरातही आता हेच शिकायचे असते. रंगविलेला गोटा मुलाच्या कागदांवर ठेवावा. कागद उडत नाहीत, आणि पेढीवर वडिलांची जागाही राहते.